लाकूड कुजलंय? औषध नंतर, आधी पाणी शोधा

वाचकांचे प्रश्न : घर आणि दुरुस्ती

२०२५ च्या सप्टेंबरात सीना, मांजरा, तेरणा आणि गोदाकाठच्या गावांत पाणी घरांत शिरलं. घरं वरून वाळली, रंगरंगोटीही झाली. आता येणारी पत्रं चौकटी, खांब आणि माळवदांच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपरांच्या, तुळयांबद्दल आहेत. त्यांतली काही इथे घेतली आहेत.

प्रश्न : पुरात दोन दिवस घरात कमरेइतकं पाणी होतं. भिंती दगडमातीच्या, दोन फुटी. दाराची चौकट आणि उंबरा सागवानी. दिवाळीला चौकटीला ऑइल पेंट दिला. आता खालच्या दीड फुटात रंग फुगलाय, आत पांढऱ्या सुतासारखं जाळं दिसतं आणि बोटानं दाबलं तरी लाकूड आत जातं. मुलानं मोबाइलवर पाहिलं, त्याला ‘ड्राय रॉट’ म्हणतात म्हणे. तीन फूट जादा कापायचं आणि भिंतीतही औषध सोडायचं. खरंच एवढं करावं लागेल का? (परंडा तालुका)

उत्तर : मुलानं पाहिलं ते खोटं नाही, पण ते थंड मुलखातल्या घरांचं आहे. खरी ‘ड्राय रॉट’ एकाच बुरशीमुळे होते. तिचं नाव सर्पुला लॅक्रिमन्स. रानात ती हिमालयात सापडते. वीसेक अंशांत फोफावते, पंचवीस-सव्वीसच्या वर तिची वाढ थांबते आणि चाळिसाच्या आसपास काही तास तापली तर मरते. परंड्याचा मे महिना तिला झेपणारा नाही. ती विटांच्या भिंतीतून तंतू पसरवत लांबच्या लाकडापर्यंत पोचते, म्हणून तिकडे जादा कापतात आणि भिंतीलाही औषध देतात. आपल्याकडच्या बुरश्या एवढ्या पोचलेल्या नाहीत. जिथवर ओल, तिथवरच कुज. तुमच्या चौकटीचं तीन फूट लाकूड वाचलं, असं समजा.

आता नावातली गंमत. कुजलेलं लाकूड हाताला कोरडं आणि भुसभुशीत लागतं, म्हणून त्याला कोरडी कुज म्हणायचा प्रघात पडला. पण ते कुजत होतं तेव्हा ओलंच होतं. लाकडातलं पाणी त्याच्या कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांखाली असेल तर बुरशी वाढत नाही. २८-३० टक्क्यांवर गेलं की तिचं फावतं. एरवी आपल्या भागात एप्रिलमध्ये घरातलं सागवान दहाच्याही खाली उतरतं, म्हणून तर शंभर वर्षांची दारं अजून टिकून आहेत.

तुमच्याकडे ओल तीन ठिकाणी अडकली. लाकडात पाणी होतं आणि त्यावर ऑइल पेंटचं झाकण बसलं. चौकटीमागची भिंत अजून ओली आहे. जाड भिंत महिन्याला साधारण इंचभर वाळते, त्यामुळे दोन फुटी भिंत दोन्ही बाजूंनी वाळली तरी वर्ष धरून चाला. तिसरी जागा म्हणजे चौकट आणि भिंत यांच्या फटीत बसलेला पुराचा गाळ. तो पोळीच्या कणकेसारखा पाणी धरून ठेवतो.

म्हणून आधी रंग काढा. पाण्याची खूण जिथे होती, त्याच्या फूटभर वरपर्यंत. जुना रंग असेल तर त्यात शिसं असू शकतं, तेव्हा कोरडा घासू नका. पाणी मारत खरवडा, तोंडाला एन-९५ मास्क लावा. मग चौकटीलगतचा सहा इंच रुंद गिलावा तेवढ्याच उंचीपर्यंत फोडा, फटीतला गाळ लोखंडी सळईनं उकरा आणि स्वच्छ पाण्यानं धुवा. पाणी काढायचं म्हणून पाणीच मारायचं, हे विचित्र वाटेल, पण गाळ गेल्याशिवाय फट वाळत नाही. मग ती उघडीच ठेवा. दारं-खिडक्या उघडून वारा खेळू द्या. लाकडावर थेट ऊन किंवा हीटर नको, चिरा पडतात.

वाळलं की नाही ते तपासायला पिनांचं मॉइश्चर मीटर मिळतं. पण पुराच्या पाण्यातले क्षार लाकडात राहिले की ते आकडा फुगवून दाखवतं. त्याहून खात्रीचा घरगुती मार्ग असा. कुजलेल्या भागाच्या वर, बऱ्या लाकडातून काडेपेटीएवढा तुकडा काढा, काढल्या काढल्या सोनाराच्या किंवा किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर वजन करा आणि ओव्हनमध्ये शंभराहून थोड्या जास्त तापमानावर वजन घटायचं थांबेपर्यंत ठेवा. समजा ३० ग्रॅमचा तुकडा २४ वर स्थिरावला. घटलेले ६, भागिले २४, म्हणजे २५ टक्के. अजून थांबायचं. १८ च्या खाली आलं की सुताराला बोलवा.

सुतारानं अणकुचीदार टोच्यानं खालून वर टोचत जावं. चांगलं सागवान टोच्याला दोन-तीन मिलिमीटरच्या पुढे जाऊ देत नाही. टोचा जिथे अडकू लागतो तिथे खूण करून तिच्यावर १५ सेंटिमीटर, म्हणजे अर्धा फूट, चांगलं लाकूड घेऊन कापायचं. नवा पाय अर्धा-अर्धा खाचून जोडा. जोडाची लांबी लाकडाच्या जाडीच्या तिप्पट तरी हवी. पाणी सहन करणारा गोंद लावा आणि आरपार दोन बोल्ट घाला. नव्या पायाचं खालचं टोक जमिनीत पुरू नका. शहाबादीच्या तुकड्यावर टेकवा, फरशीच्या पातळीच्या किंचित वर. लाकडाची टोकं म्हणजे उघड्या नळ्याच असतात. बाजूनं जेवढं पाणी शिरतं, त्याच्या कितीतरी पट टोकातून वर चढतं.

उंबऱ्याला हात लावायला घरची थोरली माणसं कचरतील. तरी पूरपट्ट्यात उंबरा दगडाचाच बरा. हळदीकुंकू दगडालाही लागतं.

प्रश्न : चौकट वाजवली की पोकळ आवाज येतो. वाळवी आहे की कुज, कसं ओळखायचं? दोन्हींना एकच औषध चालेल का? (केज)

उत्तर : चालणार नाही, म्हणून ओळख आधी. एक ढलपी काढून हातात घ्या. आडव्या-उभ्या भेगा पडून चौकोनी चौकोनी तुकडे झालेत, रंग गडद तपकिरी आहे आणि बोटांत चुरलं की तपकिरीसारखी पूड होते, तर ती तपकिरी कुज. बुरशीनं लाकडाचा पांढरा तंतू खाल्ला आणि उरलेला सांगाडा ठेवला. उलट लाकूड फिकट, मऊ, धागे धागे सुटणारं लागलं तर पांढरी कुज. दोन्हींचं मूळ ओलच.

वाळवी, म्हणजे आपल्याकडे काहीजण म्हणतात ती उधई, लाकडाच्या रेषेला धरून खाते. आत लांबट गाळे दिसतात, त्यात मातीचं अस्तर असतं, आणि भिंतीवरून किंवा जोत्यावरून मातीची पेन्सिलभर जाड वाट चढलेली दिसते. ती वाट मध्ये मोडून ठेवा. दोन दिवसांत परत बांधली तर वाळवी आत आहे. बारीक गोल भोकं आणि खाली मैद्यासारखी पूड पडत असेल तर ती घुण. ती बहुधा बाहेरच्या पांढऱ्या लाकडातच असते, गाभ्यात क्वचित.

कुजलेल्या, ओल्या लाकडाला वाळवी पटकन लागते, त्यामुळे दोन्ही एकदम सापडणं आपल्याकडे नेहमीचं. अशा वेळी ओल काढणं सामाईक काम आहे. वाळवीसाठी जमिनीत औषधाची भिंत उभारावी लागते. भिंत आणि फरशीच्या सांध्यावर फूट-फूट अंतरावर १२ मिलिमीटरची भोकं पाडून प्रत्येकात लिटरभर द्रावण सोडतात. इमिडाक्लोप्रिड ३०.५ एससी असेल तर लिटरला २.१ मिलि. हे काम परवानाधारकाकडूनच करून घ्या. आड, विहीर किंवा बोअर घराला लागून असेल तर त्याला आधीच सांगा.

प्रश्न : आजोबांच्या काळचं माळवद आहे. १० बाय १२ ची खोली, मध्ये आठ इंची सागाची एकच तुळई. तिचं भिंतीतलं एक टोक कुजलंय. तुळईवरच्या आडव्या लाकडी कड्या त्या बाजूला वाकल्यात, पावसात कड्यांवर अंथरलेल्या फळकुटांच्या किलचणीतून माती गळते. तीन वर्षांपूर्वी माळवदावर सिमेंटचा कोबा केला होता. गवंडी म्हणतो टोकाभोवती सिमेंट भरू, पक्कं होईल. (औसा)

उत्तर : आधी त्या खोलीतलं अंथरूण दुसरीकडे हलवा. मग पुढचं वाचा.

तुळईवर किती वजन आहे याचा हिशेब करू. जुन्या माळवदावर दर उन्हाळ्यात पांढरी माती चढवत चढवत दीड फुटाचा थर सहज होतो. १२० चौरस फुटांवर दीड फूट म्हणजे १८० घनफूट. घनफुटाला दाबलेली माती कोरडी असली तरी अठ्ठेचाळीसेक किलो भरते. म्हणजे साडेआठ टनांच्या वर. पावसात भिजली की त्याहून जास्त. मधल्या तुळईवर यातलं निम्मं येतं, आणि तिच्या प्रत्येक टोकावर एक चतुर्थांश. म्हणजे जे टोक तुम्हाला बोटानं खरवडता येतंय, त्यावर दोन टन बसले आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तुमच्याच तालुक्यातल्या किल्लारीत आणि आसपास काय झालं ते औशाला सांगायला नको. मातीत रचलेल्या गोट्यांच्या भिंती आणि डोक्यावरचा मातीचा डोंगर, या दोन गोष्टींनी माणसं गाडली. तुळई दुरुस्त करायचीच आहे तर हा डोंगरही त्याच वेळी उतरवा.

कामाचा क्रम चुकला तर काम अंगावर येतं. पहिले टेकू, मग माती, मग तुळई. टेकू लोखंडी फिरकीचे असतील तर उत्तम, नाहीतर चार इंची निलगिरीच्या बल्ल्या. एक भिंतीपासून दीड फुटावर, म्हणजे टोकाशी काम करायला जागा राहील, आणि एक तुळईच्या मध्यावर. वाकलेल्या कड्यांखाली आडवा वासा घालून आणखी दोन. प्रत्येक टेकूखाली दोन इंच जाडीची तीन फूट फळी हवी. नुसत्या मातीच्या जमिनीवर टेकू रुततो, मग तो नावालाच राहतो. दोन पाचरी समोरासमोर ठोकून घट्ट करा आणि तिथेच थांबा. वाकलेली तुळई सरळ करायचा मोह गवंड्याला होतो. जॅकनं उचलली की वरचा थर आणि भिंतीचा माथा फुटतो. वाक आलाय तो राहू द्या.

मग माती उतरवा. कुजलेल्या कड्यांवर पाय देऊ नका, आडव्या फळ्यांवर उभं राहून पाट्या भरा. एका बाजूची सगळी आणि मग दुसरी असं न करता, थोडी इकडची थोडी तिकडची. कोबा फोडून फेकून द्या. त्यानंच घात केला आहे. माती उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते. सिमेंट तसं हलत नाही, म्हणून तडकतं. तडकेतून पाणी आत जातं आणि वरच्या झाकणामुळे बाहेर येत नाही. पांढऱ्या मातीचं उलट. ती ओली झाली की फुगून भेग बुजवते, ऊन पडलं की वाळते. कोब्याखाली तुमची तुळई तीन पावसाळे भिजत पडली.

वजन उतरल्यावर टोकाच्या दोन्ही बाजूंचे दगड नऊ-नऊ इंच काढून टोक मोकळं करा. ६ मिलिमीटरचा ड्रिल बिट खालून वर आरपार घालून बघा. चांगल्या लाकडाचा सोलीव कीस निघतो, कुजलेल्याची तपकिरी पूड. दर सहा इंचांवर एक भोक घेतलं की कुज कुठे संपते ते कळतं. बाहेरून शाबूत आणि आतून पोखरलेली तुळई नेहमीच सापडते. टोकातून चढलेलं पाणी गाभ्यात मुरतं, आणि कड कोरडी राहते.

कुज फूट-दीड फुटात संपली तर आमची पहिली पसंती भिंतीच्या आत एक नवा खांब देण्याला. वाडे बांधणाऱ्यांनी हेच केलं होतं, भिंत पडली तरी खण उभा राहावा म्हणून. खांब सहा बाय सहा इंच, खाली तळखडा म्हणजे बुडाचा दगड, तळखड्याखाली दोन फूट लांब-रुंद-खोल काँक्रीटचा पाया, आणि खांबाच्या माथ्यावर तुळई टेकायला तीन फुटी आडवं लाकूड, म्हणजे हस्त. तुळई हस्तावर बसली की कुजलेलं टोक कापून टाका आणि तुळईचं नवं टोक भिंतीपासून दोन इंच दूर ठेवा. पुन्हा तिला भिंतीची ओल लागायलाच नको.

खोलीत खांब नको असेल तर तुळईच्या दोन्ही बाजूंना १०० मिलिमीटरचे लोखंडी चॅनल. भिंतीत नऊ इंच टेकलेले आणि चांगल्या लाकडावर कमीत कमी चार फूट आलेले. १६ मिलिमीटरचे सहा बोल्ट, एक वर एक खाली असे. पहिला बोल्ट कापलेल्या टोकापासून पाच इंचांच्या आत नको, नाहीतर लाकूड रेषेवर फाटतं. चॅनलला रेड ऑक्साइड द्या. तुळईची लांबी दहा फुटांहून जास्त असेल तर हे आकडे अभियंत्याकडून तपासून घ्या, अंदाजावर जाऊ नका.

गवंड्याच्या सिमेंटबद्दल. टोकाभोवती सिमेंट भरणं म्हणजे ओल्या जखमेला घट्ट पट्टी बांधणं. सिमेंट पाणी शोषतं, लाकडाला चिकटून बसतं आणि लाकूड वाळताना आकसलं की मध्ये केसभर फट राहते. पुढचा पाऊस त्याच फटीत जमतो. लाकडाचं टोक भिंतीत ठेवायचंच झालं तर सपाट दगडावर, खाली डांबरी फेल्टचा तुकडा घालून, दोन्ही बाजूंना आणि मागे इंचभर पोकळी ठेवून ठेवा. खोलीच्या बाजूनं ती पोकळी जाळीनं झाका, बुजवू नका.

वरचा थर परत घालताना आठ इंचांच्या पुढे जाऊ नका. हिशेब परत केला तर साडेआठ टनांचे चार टनांखाली येतात. कड्यांवर किलचण, त्यावर तुरीच्या तुराट्या, मग चिखल आणि शेवटी पांढरी माती. काहीजण हल्ली किलचणीवर थेट प्लास्टिकचा कागद अंथरतात. तसं करू नका. स्वयंपाकाची वाफ खालून चढते आणि कागदाखाली घाम धरते. तीन फुटांना इंचभर उतार ठेवा. पन्हाळ भिंतीच्या दीड फूट बाहेर यायला हवी. भिंतीवरून ओघळणारं पाणी तुळईच्या टोकालाच शोधत येतं. आणि दर वर्षी पांढरी माती टाकण्याआधी जुन्यातली तेवढीच खरवडून काढा. नाहीतर पंधरा वर्षांनी परत दीड फूट.

प्रश्न : जळकं ऑइल, डांबर, मोरचूद, जवसाचं तेल. यांपैकी काय लावावं? गावात प्रत्येकजण वेगळं सांगतो. (वसमत)

उत्तर : जळकं ऑइल लावू नका. गाडीतून काढलेल्या तेलात कर्करोगाला कारण ठरणारी द्रव्यं असतात, ते पेट घेतं आणि ओल्या लाकडावर लावलं की ओल आत कोंडतं. घरात राहणाऱ्या माणसाच्या नाकाशी ते नको. डांबर कोरड्या लाकडाच्या टोकाला लावलं तर उपयोगी, ओल्याला लावलं तर घातक. मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार, द्राक्षावर ठीक. लाकडावर नुसता लावला तर पाण्याबरोबर धुपून जातो, खिळे आणि बोल्ट गंजवतो, शिवाय तपकिरी कुजीच्या काही बुरश्या तांबं पचवतात. जवसाचं तेल औषध नाहीच, वाळलेल्या लाकडाचं चांगलं पॉलिश आहे. सगळं काम झाल्यावर, शेवटी.

प्रश्न : बोरॅक्स-बोरिकचं औषध घरी कसं बनवायचं? प्रमाण द्यावं. (गेवराई)

उत्तर : बोरॅक्स म्हणजे आपला टाकणखार. दहा लिटर द्रावणासाठी ६०० ग्रॅम टाकणखार आणि ४०० ग्रॅम बोरिक अॅसिड घ्या. आठ लिटर पाणी हात पोळेल इतकं गरम करा, आधी टाकणखार पूर्ण विरघळवा, मग बोरिक अॅसिड, आणि पाणी घालून दहा लिटर करा. दोन्ही एकत्रच घ्या. एकटं एकटं त्यांतलं कुठलंही एवढं विरघळत नाही, तळाशी खडे बसतात. भांडं प्लास्टिकचं, आणि स्वयंपाकघरात परत न जाणारं.

शेतकऱ्याला आणखी एक सोपी वाट आहे. कृषी सेवा केंद्रात ‘बोरॉन २० टक्के’ मिळतं, त्याच्या पुडक्यावर डायसोडियम ऑक्टाबोरेट टेट्राहायड्रेट असं लिहिलेलं असेल तर ते लाकडासाठी वापरतात तेच रसायन. एक किलो नऊ लिटर पाण्यात. फवारणीला लिटरला ग्रॅमभर घेता, इथे त्याच्या शंभरपट. म्हणून पंप धुतलेलं पाणी शेतात, परसबागेत किंवा तुळशीत ओतू नका. बोरॉन गरजेपेक्षा थोडं जास्त झालं तरी झाड करपतं. आणि तणनाशकाचा पंप या कामाला वापरला असाल तर तो परत तणनाशकालाच ठेवा.

ब्रशनं किंवा बारीक फवाऱ्यानं दोन हात द्या, पहिला मुरल्यावर दुसरा. एवढ्यात सुमारे २५० चौरस फूट लाकूड होतं. जाड तुळईला वरून लावून आत पोचत नाही. तिथे १० मिलिमीटरची भोकं, खाली उतरती, जाडीच्या निम्म्यापर्यंत, वीस-पंचवीस सेंटिमीटर अंतरावर, पण वरखाली नागमोडी. भोक तीन-चार वेळा भरायचं आणि लाकडी खुंटी ठोकायची. रंगवलेल्या किंवा तेल पाजलेल्या लाकडात काही मुरत नाही, आधी रंग काढावाच लागतो.

हे औषध पाण्यानं धुऊन जातं. त्यामुळे पावसात भिजणाऱ्या किंवा मातीत पुरलेल्या लाकडाला देऊ नका. पोटात गेलं तर अपायकारक आहे. धान्याच्या कणगीवर, गव्हाणीवर आणि मुलांचा हात जिथे सतत लागतो तिथे नको. हातमोजे घाला. आणि ओल थांबली नसेल तर यातलं काहीच करू नका.

प्रश्न : वाड्यातल्या चार खांबांपैकी दोन पायाशी कुजले. पुराचं पाणी आमच्याकडे आलंच नव्हतं, मग कसे? घर ऐंशी वर्षांत भिजलं नाही. (अंबड)

उत्तर : फरशी कधी घातली ते आठवा. जुन्या वाड्यात खांब तळखड्यावर उभा असतो आणि तळखडा जमिनीच्या चार-सहा इंच वर. पुढे कुणीतरी जुन्या जमिनीवरच वाळू, सिमेंट आणि टाइल्स चढवतं, जमीन तळखड्याच्या माथ्याएवढी होते, आणि रोज पुसायचं पाणी थेट खांबाच्या टोकात. पूर आला नाही, पण बादलीभर पाणी रोज येतं. बाहेर काँक्रीटचा रस्ता जोत्याच्या वर आला असेल तरी हेच होतं.

खांबाभोवतीची टाइल तीन इंच कापून तळखडा उघडा करा. वरचं वजन टेकूवर घ्या, कुजलेला पाय आणि त्यावर अर्धा फूट कापा, आणि तेवढ्याच उंचीचा घडीव दगड खाली सरकवा. लाकडाचा नवा तुकडा जोडण्यापेक्षा हे बरं. दगड कुजत नाही, आणि दाबाखाली लाकडी जोड कधी ना कधी घसरतो. दगडाच्या मध्यात २० मिलिमीटरची गंज न लागणारी सळई चार इंच वर ठेवून ती खांबाच्या टोकात बसवा, म्हणजे धक्क्यानं खांब सरकणार नाही. कोरीव खांब असेल तर कापण्याआधी नक्षीची पट्टी कुठे येते ते बघा. ती दगडाखाली गेली तर परत मिळत नाही.

प्रश्न : फ्लॅटमध्ये सिंकखालचं प्लायचं कपाट फुगलं. औषध लावून वाचेल का? (लातूर)

उत्तर : नाही. प्लायचे थर सुटले की ते पुन्हा चिकटत नाहीत, आणि पार्टिकल बोर्ड असेल तर तो भुसाच झाला. काढून टाका. सिंकच्या नळीचा वॉशर बदला, नवं कपाट जमिनीपासून चार इंच उंच पायांवर घ्या आणि मागची फळी लावूच नका, भिंत दिसत राहू दे.

प्रश्न : नवीन लाकूड घ्यायचंय. साग परवडत नाही. बाभूळ किंवा लिंब चालेल का? (उमरगा)

उत्तर : चालेल, पण गाभा बघून. लाकूड कुठलंही असो, बाहेरचा पांढरा भाग टिकत नाही, अगदी सागाचाही. हल्ली लागवडीचा तरणा साग येतो, त्यात पांढरा भागच जास्त. अशा सागापेक्षा जुन्या बाभळीचा लालसर गाभा कड्यांना चांगला. लिंब मध्यम, घरात कोरड्या जागी वापरा. आंबा तुळईला नकोच. सर्वांत स्वस्त आणि चांगलं लाकूड पाडलेल्या वाड्यांच्या ढिगात मिळतं, फक्त घेण्याआधी टोचा बरोबर न्या आणि दोन्ही टोकं टोचून बघा. टोकाशी फूटभर गेलेलं असेल तर तेवढी लांबी वजा करून भाव करा.